ऱ्य कुणाचा

दुकानातला जुना कॉम्प्युटर गेला तेव्हा मी दादाला लगेच कळवलं नाही. आधी चहा केला, तो प्यायले, मग पुन्हा एकदा बटण दाबून पाहिलं. पडदा काळाच. आतून जळकट वास येत होता. दुरुस्तीवाल्याला बोलावलं, तर त्याने झाकण उघडलं, आत डोकावला आणि माणूस गेल्यावर डॉक्टर करतात तसा चेहरा केला. त्याला सगळे डॉक्टरच म्हणतात, त्यामुळे तशी सवयही लागली असावी.

"ताई, हा संपला. आतली डिस्क वाचतेय का बघतो, पण वेळ लागेल. बाकी काही राहिलेलं नाही."

मला कॉम्प्युटरचं दुःख नव्हतं. टेबलाखाली बसून दिवसभर गुरगुरायचा आणि पायावर गरम वारा सोडायचा. मला धास्ती होती ती दादाची.

आमचं दुकान पाट्या कोरून देण्याचं. पितळी, दगडी, प्लास्टिकच्या. दारावरची नावं, कोनशिला, 'कुत्र्यापासून सावध राहा', काय म्हणाल ते. हातातली छिन्नी सोडून मी कोरायचं मशीन घेतलं तेव्हा मशीनबरोबर आलेलं सॉफ्टवेअर आपल्या अक्षरांची पार वाट लावायचं. वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर, जोडाक्षरं फुटलेली. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, तेव्हा टेलिफोनच्या ऑफिसात नोकरीला होता आणि उरलेल्या वेळात आपला आपणच प्रोग्रामिंग शिकला होता. त्याने ते पाहिलं, नाक मुरडलं आणि स्वतः प्रोग्राम लिहायला बसला. नाव ठेवलं 'कोरणी'. तेव्हापासून दुकानातलं प्रत्येक अक्षर कोरणीतून मशीनकडे जातं.

आणि तेव्हापासून दादा दुकानात येतो. वहिनी गेल्यापासून तर रोज येतो. येतो, खुर्ची झटकतो, "कोरणी नीट चालतेय ना?" विचारतो आणि संध्याकाळपर्यंत बसतो. बहिणीकडे सोबतीला येतो असं कुणी चुकून म्हटलं तर हा उलटपावली घरी जाईल. कुणाचं काही घ्यायचं नाही, कुणाला काही मागायचं नाही, असा त्याचा खाक्या. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा स्वतः टॅक्सी करून गेला आणि पट्टी बांधल्यावर मला फोन केला, तोही तिथल्या नर्सने करायला लावला म्हणून. असा माणूस दुकानात येतो तो फक्त कोरणीचं निमित्त आहे म्हणून. कोरणी गेली की दादा घरी बसणार आणि चार भिंतींशी बोलणार. मला ते नको होतं. कोरणी टिकायला हवी होती, बाकी कॉम्प्युटर गेला खड्ड्यात.

शेवटी सांगितलं त्याला. तर हा गालातल्या गालात हसला.

"एवढंच ना? कोरणी स्टँडअलोन आहे. एकच फाईल. इन्स्टॉल करायची भानगड नाही, कुणाचं काही लागत नाही. नव्या मशीनवर टाकायची आणि चालू करायची."

स्टँडअलोन हा त्याचा लाडका शब्द. पाटी न्यायला आलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा तो ऐकवायचा. गिऱ्हाईक बिचारं मान डोलवायचं आणि पाटीवरची धूळ पुसायचं.

नवा कॉम्प्युटर आला. चपटा, गप्प, एखाद्या साहेबासारखा. दादाने खिशातून आपला पेनड्राइव्ह काढला, कोरणीची फाईल टाकली आणि दोनदा क्लिक केलं. एक चौकट आली. प्रोग्राम सुरू होऊ शकत नाही, अमुक नावाची लायब्ररी सापडत नाही.

"लायब्ररी?" मी म्हटलं. "आपण कधी लावली होती?"

"तू गप्प बस."

पुन्हा क्लिक केलं. पुन्हा तीच चौकट. दादाचे कान लाल झाले. "मशीन खराब दिलंय."

"खराब असतं तर चौकट तरी कशी आली?"

"तुला काय कळतं त्यातलं?"

आता हे वाक्य मला सहन होत नाही. लहानपणापासून होत नाही. डोक्यात तिडीकच जाते. मला कळत नसेल तर मी कळून घेणार, आणि कळेपर्यंत समोरच्याचं डोकं खाणार. मी डॉक्टरला फोन लावला आणि म्हटलं, हा प्रोग्राम नक्की कुणाकडे काय मागतोय ते मला डोळ्यांनी पाहायचंय.

डॉक्टरकडे त्यासाठी एक छोटा प्रोग्राम होता. त्याने कोरणी त्याच्या तोंडी दिली. पडद्यावर झाडासारखं चित्र उगवलं. वर कोरणी, आणि खाली फांद्या. फांद्या कसल्या, रान माजलं होतं.

"ही एक लायब्ररी खिडकी उघडायची," डॉक्टर बोट ठेवत म्हणाला. "ही माऊस कुठे आहे ते सांगणारी. ही फाईल वाचणारी. ही छापणारी."

"थांब. म्हणजे खिडकी कोरणी काढत नाही?"

"नाही ताई. ती फक्त म्हणते, मला एवढ्या आकाराची खिडकी हवी. कॉम्प्युटरची मूळ सिस्टिम काढून देते."

"आणि अक्षर?"

"तेही सिस्टिमच."

"आणि किती वाजले ते?"

"तेही विचारूनच."

मी दादाकडे वळले. "मग ही तुझी कोरणी दिवसभर करते काय?"

मला वाटलं आता भडकणार. पण तो शांतपणे म्हणाला, "जमीन लागतेच चालायला. म्हणून कुणी म्हणतं का, हा माणूस जमिनीवर अवलंबून आहे? स्टँडअलोन म्हणजे दुसरा कुठला प्रोग्राम विकत घेऊन ठेवावा लागत नाही. सिस्टिम असतेच. ती नसेल तर कुणाचंच काही चालणार नाही, ह्या डॉक्टरचंही नाही."

ह्यात तथ्य होतं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. डॉक्टरनेही मान हलवली. म्हणाला, "काका बरोबर बोलतायत. प्रत्येकाने खिडकी काढायला पुन्हा पहिल्यापासून शिकायचं म्हटलं तर एक प्रोग्राम पुरा व्हायचा नाही. म्हणून हे सगळे सामाईक तुकडे, म्हणजे ह्या लायब्रऱ्या, सिस्टिम सांभाळते आणि जो मागेल त्याला वापरायला देते. पण नव्या सिस्टिममध्ये त्यांनी काही जुने तुकडे काढून टाकलेत. कुणी मागत नाही म्हणून. कोरणी मागते तो त्यातलाच एक."

"कुठला?"

"अक्षरांच्या कडा आखून देणारा. म्हणजे तुमचं कोरायचं मशीन ज्या रेषेवरून फिरतं ती."

मला तर गंमतच वाटायला लागली. इतकी वर्षं मी ह्या कडांवरून फिरणारं टोक पाहत आले, दगडावर पाणी सोडत आले, आणि ती रेष कोण आखतं हा प्रश्न मला पडलाच नव्हता. कोण लिहितं हे तुकडे? कुठे बसतात ती माणसं? एक तुकडा किती मोठा असतो? उघडून बघता येतो का? डॉक्टर उत्तरं देऊन दमला. दाराशी एक बाई केव्हाची आपली पितळी पाटी न्यायला ताटकळत उभी होती, तिला मी अगदी विसरून गेले.

"आमच्या दुकानात जुन्या मशीनच्या डिस्क पडल्यात," डॉक्टर म्हणाला. "त्यातून ह्याच नावाची लायब्ररी काढतो आणि कोरणीच्या शेजारी ठेवतो. प्रोग्राम आधी शेजारी शोधतो, मग सिस्टिममध्ये जातो." आणि पिशवी उचलता उचलता जरा हळू आवाजात म्हणाला, "पण ताई, आता तयार पॅकेज चांगली मिळतात. आपली अक्षरंही नीट येतात त्यांत. किती दिवस असे ठिगळ लावणार?"

हळू बोलला, पण दादाच्या कानांचं ऑपरेशन झालेलं नव्हतं. त्याने मान खाली घातली आणि पेनड्राइव्हचं टोपण लावत बसला.

"आधी कोरणीवर एक काम होऊ दे," मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं. "नीट आलं तर पॅकेजचं नाव काढायचं नाही."

दुसऱ्या दिवशी लायब्ररी आली, शेजारी ठेवली, आणि कोरणी उघडली. तीच जुनी राखाडी खिडकी, तीच कोपऱ्यातली दादाने काढलेली छिन्नी. माझा जीव भांड्यात पडला. दादा त्या दिवशी गिऱ्हाइकांशी फार गोड वागला.

मग ते काम आलं. मुलींच्या वसतिगृहाच्या बाई आल्या होत्या. वसतिगृहाचं स्वयंपाकघर नवं बांधलंय, आणि जुन्या मुलींनी मिळून त्याच्या दाराशी एक दगड बसवायचं ठरवलंय. मजकूर बाईंनी तोंडीच सांगितला: 'ज्यांनी आम्हाला पोटभर जेवू घातलं, त्या आचाऱ्यांना.'

"दोघं नवरा-बायको होते," बाई म्हणाल्या. "त्यांच्याच हातचं जेवून ह्या मुली मोठ्या झाल्या. आता थकलेत, पण शनिवारी येतो म्हणालेत. त्यांना आधी काही सांगितलेलं नाही आम्ही."

मी मजकूर टाइप केला. दादाने चष्मा चढवून पडद्यावर वाचला, मी वाचला, पुन्हा दादाने वाचला. सगळं चोख. काळा दगड मशीनवर चढवला, पाणी सोडलं, टोक फिरायला लागलं. दादा शेजारी उभा राहून बघत होता. तो एरवी खुर्चीतून उठत नाही.

कोरून झाल्यावर दगड धुतला, वाळवला आणि मी अक्षरांत पांढरा रंग भरायला बसले. हे काम मी कुणाला करू देत नाही. बारीक ब्रश खाचेतून चालवताना अक्षर डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळतं. 'त्या' झालं. 'आ' झाला. 'चा' झाला. मग ब्रश पुढे नेला तर 'य'च्या आधी खाच लागेचना. मी पुन्हा चाचपलं. तिथे सपाट दगड. आणि वर, रेघेच्या डोक्यावर, रफार.

त्या आचार्यांना.

मी ब्रश खाली ठेवला. ज्यांनी आम्हाला पोटभर जेवू घातलं त्या आचार्यांना. म्हणजे आयुष्यभर भांड्यांच्या वाफेत उभं राहायचं एकाने, आणि दगड लागणार व्याख्यानं देणाऱ्याच्या नावे. शनिवारी ती दोघं म्हातारी माणसं समोर उभी राहून हे वाचणार.

"दादा, ऱ्य गेला."

"काय गेला?"

"ऱ्य. दऱ्याखोऱ्यांतला. ये आणि बघ."

तो आला, वाकला, बोटाने रफार चाचपला. "शक्यच नाही," म्हणाला. "ऱ्य मी बसवलाय."

ते खरंच होतं, निदान आम्ही सगळे तसंच धरून चाललो होतो. कोरणी लिहिताना त्याने एक सबंध हिवाळा ह्या एका अक्षरावर घालवला होता. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, आणि हा फरक ज्या प्रोग्रामला कळत नाही त्याने आपली अक्षरं कोरू नयेत, असं तो वहिनीला जेवताना समजावून सांगायचा. वहिनी म्हणायची, आधी तो घास गिळा. कोरणीला ऱ्य येतो कारण मी तो शिकवलाय, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

पडद्यावर मात्र अजूनही 'आचाऱ्यांना' असंच दिसत होतं. पडद्यावर बरोबर आणि दगडावर चूक. हे कसं? दगड वाया गेल्याचा राग बाजूला राहिला आणि मला ह्या प्रश्नानेच घेरलं. डॉक्टरला बोलावलं.

तो थोडा वेळ खुडबुडला आणि कपाळाला हात लावला. "चूक माझी आहे ताई. टाइप करायची चौकट सिस्टिमची, ती नव्या लायब्ररीतून अक्षर काढते, म्हणून बरोबर दिसतं. कोरायच्या कडा येतात त्या मी शेजारी ठेवलेल्या जुन्या लायब्ररीतून. नाव तेच आहे, पण तुमच्या मशीनवर होती तिच्यापेक्षा ही फार आधीची निघाली. हिला ऱ्य माहीतच नसावा."

"हिला नसेल," दादा म्हणाला. "कोरणीला आहे. दाखवतो."

त्याने आपला लॅपटॉप उघडला आणि डॉक्टरची ती लायब्ररी त्यात उतरवून घेतली. कोरणीचा कोड पडद्यावर आला. एका ठिकाणी बोट टेकवून म्हणाला, "हा बघ ऱ्यचा नियम. इथे आली की थांब अशी खूण करतो. आता चालवतो." त्याने 'आचाऱ्यांना' घातलं. कोरणी थांबली नाही. सरळ पुढे निघून गेली. त्याने 'पायऱ्या' घातलं. 'सुऱ्या' घातलं. 'दऱ्या' घातलं. ती कुठेच थांबली नाही.

दादा वरून खाली, एकेक ओळ वाचत गेला.

"काय झालं?" मी विचारलं. खरं तर विचारायला नको होतं, पण माझ्याच्याने राहवत नाही.

"हे बघ," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. "मी ऱ्य असा लिहितो: पाय मोडका र, मग एक न दिसणारी खूण, मग य. ती खूण र ला सांगते, डोक्यावर चढू नकोस, बाजूलाच थांब. माझा नियम ती खूण शोधतो आणि दिसली की ऱ्य काढतो. पण मी आधी लायब्ररीला हाक मारलीय आणि नियम नंतर लावलाय. लायब्ररी सगळा मजकूर घेते आणि नुसते आकार परत देते. खूण तिच्याकडेच संपते. माझ्या नियमाला शोधायला काही उरतच नाही."

"मग जुन्या मशीनवर इतकी वर्षं ऱ्य नीट यायचा तो?"

"तिथली लायब्ररी शहाणी होती. ती आपली आपण काढत होती." त्याने लॅपटॉप मिटला. "मी लिहिलेलं कधी चाललंच नाही. एकदाही नाही."

डॉक्टर चुळबुळत म्हणाला, "होतं असं काका." पण दादाने ऐकलं की नाही कुणास ठाऊक. लॅपटॉप पिशवीत घातला, पिशवी खांद्याला लावली आणि दारात जाऊन म्हणाला, "जातो."

दादा कधी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणतो, जसं सगळे म्हणतात. मला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. मी सकाळपासून दाराकडे बघत होते आणि गिऱ्हाइकांवर खेकसत होते. मध्येच डॉक्टर धावत आला. आमच्या जळालेल्या कॉम्प्युटरची डिस्क अखेर वाचली होती, आणि तिच्यातून मूळची, शहाणी लायब्ररी निघाली होती. त्याने ती शेजारी ठेवली. प्लास्टिकच्या तुकड्यावर कोरून पाहिलं तर 'आचाऱ्यांना' असं स्वच्छ आलं. दगड आता केव्हाही कोरता आला असता, दुसरी फरशी दुकानात होतीच. पण माझा हात चालेना. कोरणी चालत होती आणि दादाची खुर्ची रिकामी होती. मी काय ठरवलं होतं आणि हे काय होऊन बसलं होतं.

दुपारी दुकानाला कुलूप लावलं आणि त्याच्या घरी गेले. त्याने दार उघडलं. हातात पावाचा तुकडा. बेसिनपाशी उभा राहून कोरडा पाव खात होता, ताटलीसुद्धा घेतली नव्हती.

"जेवलास?"

"हो."

"दिसतंय ते." मी आत जाऊन बसले. "डिस्क वाचली. मूळची लायब्ररी मिळाली. कोरणी चालतेय, ऱ्य येतोय."

"छान." तो पाव चावत राहिला. "ते तिचं काम. माझं काय आहे त्यात?"

"तेच बघायला आलेय. तुझा ऱ्य दाखव."

"काय?"

"तुझा. तू एक हिवाळाभर खपून काढलेला. वर्षानुवर्षं नुसतं ऐकतेय मी त्याच्याबद्दल. मी कधी पाहिला नाही आणि तूही पाहिलेला नाहीस. चालला नाही ते कळलं, पण आहे कसा?"

"त्याचा आता काय उपयोग?"

"उपयोगाचं कोण बोलतंय? मला बघायचाय."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोरणीतलाच एखादा बिघाड. पण तो मला ओळखून आहे. मी उठणार नव्हते. त्याने हात धुतले, लॅपटॉप उघडला आणि नियमाच्या ओळी उचलून लायब्ररीला मारलेल्या हाकेच्या वर नेऊन ठेवल्या. फार वेळ लागला नाही. मग टाइप केलं, 'पायऱ्या', आणि क्षणभर थांबून बटण दाबलं.

पडद्यावर ऱ्य आला. लांबलचक, शेपटी जरा खाली झुकलेली, पुढच्या य ला जवळजवळ टेकलेली.

मला हसू फुटलं. हे दादाचं हस्ताक्षर होतं. शाळेत माझ्या वह्यांच्या कव्हरांवर तो नाव घालून द्यायचा तेव्हा त्याची सगळी अक्षरं अशीच उताराला लागलेली असायची. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग तोही हसायला लागला. वहिनी गेल्यापासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"आता त्या लायब्ररीचा दाखव," मी म्हटलं. डॉक्टरने दिलेली प्रत मी बरोबर आणली होती. त्याने ती लावली आणि खाली तोच शब्द काढला. तिचा ऱ्य आखूड, आटोपशीर, बाकीच्या अक्षरांच्या जाडीला जाड. दादाने 'गिऱ्हाईक' घालून पाहिलं, मग 'तऱ्हा'. माझ्या भावाचा ऱ्ह पुढच्या अक्षराला जाऊन धडकत होता. तिचा बरोबर जागेवर थांबत होता.

तो चष्मा वर करून पडद्याजवळ गेला. कितीतरी वेळ दोन्हींकडे आळीपाळीने बघत बसला. काल गेलेला माणूस आणि हा माणूस एकच आहे असं वाटू नये, इतका तो रमला होता.

"तिचा चांगला आहे," म्हणाला. "माझ्यापेक्षा खूपच चांगला." आणि थोड्या वेळाने, "कुणी काढला असेल गं हा?"

"मी तेच विचारत होते त्या दिवशी, तर डॉक्टर कंटाळला."

"कुठल्या तरी ऑफिसात बसलेला कुणीतरी. त्याला आपली भाषा येतही नसेल. पण कुणीतरी त्याला सांगितलं असणार की ह्या लोकांच्यात दर्या वेगळा आणि दऱ्या वेगळ्या. तो म्हणाला असेल, एवढीशी तर रेघ, सोडून द्या. आणि सांगणाऱ्याने सोडलं नसेल." त्याने पडद्यावरच्या त्या रेघेवर बोट ठेवलं. "इतकी वर्षं आपल्या दुकानात काम करत होता, आणि आपल्याला पत्ता नाही."

मीही वाकून ती रेघ नीट पाहून घेतली.

दादाने लॅपटॉप बाजूला सारला. "तू ते पॅकेज घेऊन टाक," तो म्हणाला. "डॉक्टर खोटं बोलत नाही. आज कोरणी चालेल, पुढच्या मशीनवर पुन्हा काहीतरी नसेल. एखाद्या दिवशी दगड बसवून झाल्यावर कळेल. तुझ्या दुकानाचं नाव जाईल."

ज्या वाक्याची मी इतके दिवस धास्ती घेतली होती ते त्याने स्वतःच उच्चारलं. आता हा इथे ह्या खोलीत बसून राहणार. मला त्याच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

"आणि मग तू?" मी विचारलं.

तो टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने एका जागी गोळा करत होता. गोळा करून झाला तरी करतच राहिला. मग वर न बघता म्हणाला, "कोरणी नसली तरी मी दुकानात आलो तर चालेल का गं?"

उभ्या जन्मात ह्या माणसाने मला काही मागितलं नव्हतं. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला फार राग येतो.

"चालेल का म्हणून काय विचारतोस?" मी म्हटलं. "ऊठ, चपला घाल. दगड कोरायचा राहिलाय आणि वाचून बघायला माझ्याकडे दुसरं माणूस नाही."

तो उठला, आणि चपला सापडेपर्यंत मी दारात उभी राहून त्याला रागावत होते.